ओबेडची ओकची पेटी

लुनेनबर्गच्या खाडीवर ओबेड हिमलमनला लोक पाठीमागे 'गंजपाद्री' म्हणत. उभा जन्म होड्या बांधल्या आणि तितकीच प्रवचनं झोडली. पात्याला बोट लावू नका, घामात मीठ असतं! समुद्राची हवा लोखंडाची सवत आहे! आधी हत्यार पुसा, तेलाचा हात फिरवा, मग जेवायला बसा! शेजारच्या फ्रीमन निकलने एकदा ओकच्या फळीत साधा लोखंडी खिळा ठोकला, तर ओबेडने त्याला चर्चच्या दारातच धरलं. "ओक लोखंड खातं, गाढवा! आईने एवढंही शिकवलं नाही?"

तर असा हा माणूस. गेल्या शरदात कंबरेच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात जायची वेळ आली, तेव्हा आपल्या शेवटच्या होडीच्या तळाच्या कण्यातून उरलेल्या लाकडाची त्याने एक देखणी पेटी केली. सगळी हत्यारं तेल लावून तिच्यात निजवली, वरच्या खणात पणजोबांची तासणी ठेवली, झाकण घट्ट लावलं. वसंतात नात लॉटी आपली पहिली होडी बांधणार, त्या दिवशीच पेटी उघडायची, असं बजावून गेला.

खाडीचा रिवाज असा, की नव्या होडीच्या कण्याचा पहिला ढलपा घरातल्या सर्वांत जुन्या हत्याराने काढायचा, तोही एका घावात. पातं अडकलं तर त्या होडीवर खलाशी पाय ठेवत नाहीत. लॉटीला झोप नव्हती. वसंतातल्या त्या सकाळी होड्यांच्या शेडमध्ये अर्धं गाव जमलं. फ्रीमन तर सर्वांत पुढे.

ओबेडने काठी टेकत झाकण उघडलं. आंबट वास आला. कुणीतरी "देवा रे!" म्हणालं.

पटाशा, रंधे, करवती, सगळं नारिंगी! ओबेडने एक पटाशी उचलली, तर पात्याचे पापुद्रे त्याच्या तळव्यावर गळले.

फ्रीमनने पेटीवर टकटक केली. "ओबेड, हे लाकूड ओकचं ना रे?"



"ओलं ओक," ओबेड पुटपुटला. "मीच... शेवटचा कणा होता ना. मला ते टाकवेना."

"आजोबा, तासणी कुठे आहे?" लॉटीचा आवाज फाटला. वरचा खण रिकामा होता.

"मी ठेवली होती! याच हातांनी!" ओबेड मटकन बाकावर बसला.

त्याची बायको व्हायोला एप्रनला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे? कुठे?"

"चुलीपाशी. काड्या फोडते मी तिने. तू इस्पितळात गेलास त्याच दिवशी काढून घेतली."

आता मात्र गंज बरा, असं सगळ्यांना वाटलं. पणजोबांची तासणी, आणि चुलीच्या काड्या! ओबेडचा चेहरा उकडलेल्या कोळंबीसारखा झाला.

लॉटी धावत जाऊन तासणी घेऊन आली. काळपट पातं, धार मात्र चंद्रकोरीसारखी. तिने कण्यापाशी पाय रोवले, डोळे मिटले, उघडले आणि घाव घातला. ढलपा अख्खा सुटून फ्रीमनच्या बुटावर पडला. त्याने टोपी काढली, पण ओबेडसमोर नाही, व्हायोलासमोर.

"कधीपासून?" ओबेडने विचारलं.

"लॉटीची आई रांगत होती तेव्हापासून. तू भिंतीवर टांगायचास, तू कामाला गेलास की मी काढायची. संध्याकाळी परत खुंटीवर."

"आणि मला... इतकी वर्षं..."

"तुझी बडबड ऐकून ऐकून हात आपोआप पुसतो रे. वर डुकराची चरबी चोळते."

ओबेड तिच्याकडे बघत राहिला, जणू ही बाई कोण, हे कुणीतरी सांगावं. मग वाकून तासणीचं पातं न्याहाळलं.

"चरबी बिनमिठाची ना?"

"गोड पेस्ट्रीच्या पिठात घालते तीच."

"मग ठीक," तो म्हणाला आणि काठीने पेटी तिच्याकडे ढकलली. "ही वाळली की फोड."