कोल्हापूरच्या पावसातून पाऊस पाडायला निघालेले दोघे

कोल्हापुरात सलग सतरा दिवस पाऊस पडत होता. पंचगंगा पात्राबाहेर आली होती, गॅलरीतल्या टॉवेलांना वास यायला लागला होता, आणि अशा सकाळी बाहुबलीचा फोन आला.

"आवर. पाऊस पाडायला जायचंय."

बाहुबली माझा शाळेपासूनचा मित्र. शिरोली एमआयडीसीत त्याची फौंड्री आहे. पुण्याच्या एका कंपनीला दुष्काळी भागात कृत्रिम पावसाचा प्रयोग करायचा आहे आणि त्यासाठी जमिनीवरून धूर सोडणारा बर्नर त्याने ओतून दिला आहे. गावांनी संमती दिली तर आणखी पाच बर्नरांची ऑर्डर त्याला मिळणार. मी कॉलेजात भूगोल शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालो. वाऱ्याची दिशा बघून जागा निवडायची आणि गावाला सगळं समजावून सांगायचं, हे काम कंपनीने माझ्या गळ्यात घातलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तिकडं पाडायच्या आधी इथला थांबवता येतो का ते बघा."

या प्रकाराबद्दल सदराच्या पुष्कळ वाचकांनी विचारलं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बर्नरमध्ये चांदीचा एक क्षार जाळतात. धूर वर चढतो, ढगात शिरतो आणि त्याच्या कणांभोवती थेंब धरायला मदत होते. ढग आपण बनवत नाही. तो आधी असावा लागतो आणि त्यात पाणीही असावं लागतं. पंगतीत आग्रह करणाऱ्या माणसाइतकंच आपलं काम. ताटात काही वाढलेलंच नसेल तर तो तरी कशाचा आग्रह करणार?

निघण्याच्या आदल्या दिवशी बर्नरची चाचणी घ्यायला आम्ही पन्हाळ्यावर गेलो. उंच जागा आहे, वारा आहे, असा बाहुबलीचा हिशेब. पन्हाळ्यावर त्या दिवशी दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. बर्नर पेटवला. धूर कुठला आणि ढग कुठला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पाऊस पडला, पण तो आधीपासूनच पडत होता. कणीस भाजणाऱ्या मावशींनी आमच्या बर्नरकडे बराच वेळ बघून विचारलं, "त्यात किती कणसं बसतात?" चाचणी यशस्वी झाली असं बाहुबलीने वहीत लिहिलं.

दिवस पहिला

सकाळी सातला निघालो. बर्नर शिरोलीतच ठेवला होता; आधी गावाची संमती, मग यंत्र. कोल्हापूर ते जत साधारण एकशे चाळीस किलोमीटर, वाटेत थांबत गेलात तर चार तास धरा. हातकणंगल्यापर्यंत वायपर जोरात, जयसिंगपूरपर्यंत हळू. जयसिंगपुरात बाहुबलीच्या बहिणीकडे पोहे आणि डब्यात दुपारचं जेवण मिळालं. चातुर्मास असल्यामुळे बाहुबली कांदा, लसूण, बटाटा खात नाही आणि सूर्य मावळला की काहीच खात नाही. त्यामुळे आमच्या प्रवासाचं वेळापत्रक भूगोलाने नाही, बाहुबलीच्या पोटाने ठरवलं. अशा माणसाबरोबर जाणार असाल तर हॉटेलांच्या भरवशावर राहू नका.

मिरजेच्या पुढे वायपर बंद केला. पुढच्या तासाभरात काचेवरचे थेंब वाळले आणि कवठेमहांकाळ मागे पडल्यावर खिडकीतून धूळ आत यायला लागली. सकाळी छत्री मिटून गाडीत बसलो होतो आणि दुपारी टोपी शोधत होतो. एका दिवसात दोन ऋतू बघायचे असतील तर हा रस्ता उत्तम. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बाजरी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती. डोक्यावरून पांढरे ढग मात्र आरामात पूर्वेला चालले होते. तेच ढग आमच्या घरावर रिकामे होऊन इकडे आले असणार, असं वाटून मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

जतमध्ये लॉजची खोली आठशे रुपये, गरम पाणी सकाळी सात ते आठ. सामान टाकून गावात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. सरपंचांची तशी अट आहे. नाव कळलं तर पलीकडचं गाव आधी अर्ज करील, असं त्यांचं म्हणणं.

मला हवी होती तशी जागा गावाच्या पश्चिमेला सापडली. एक मुरमाड टेकडी, जिच्या उतारावरून वारा सरळ वर चढतो. टेकडीच्या पायथ्याशी महादेवीअक्कांचं घर. साठीच्या बाई, एकट्याच राहतात, मुलगी विजापूरकडे दिलेली. दारात दोन म्हशी. आम्ही बाजेवर बसायच्या आत त्यांनी पेल्यातून घट्ट दही आणून दिलं. एवढं चांगलं दही मी कोल्हापुरातही बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं, आणि हे वाक्य लिहिताना मला कोल्हापुरात राहायचं आहे याची पूर्ण जाणीव आहे.

आम्ही कशाला आलोय ते ऐकून अक्कांनी पहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"कडबा शनवारपतोर पुरंल. शनवारी यापारी येतोय. पाऊस पडणार असंल तर म्हशी ठेवतो, न्हायतर दोन्ही इकतो. ठेवू का इकू?"

त्या म्हशींच्या दुधावर त्यांचं घर चालत होतं. सांगताना त्यांचा हात थोरल्या म्हशीच्या पाठीवर होता.

"ठिवा की!" बाहुबली म्हणाला. "मिशीन येतंय न्हवं? म्हस इकायचं नाव काढायचं न्हाय."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी दह्याकडे बघितलं. भूगोलाचा माणूस असून मला त्या वेळी तोंड उघडता आलं नाही, आणि लॉजवर परतताना याची लाज वाटत राहिली.

दिवस दुसरा

ग्रामसभा दुपारी चारला, म्हणजे बाहुबलीच्या सोयीची. मारुतीच्या देवळासमोर सतरंजी अंथरली होती. पाऊस हवा का, यावर एकमत व्हायला अर्धं मिनिट लागलं. कधी हवा, यावर दीड तास गेला. बाजरीवाल्यांना तो उद्याच्या उद्या हवा होता, पण फुलोरा आला की पंधरा दिवस नको, दाणा भरत नाही. द्राक्षवाले म्हणाले, एकदा छाटणी झाली की थेंबही नको, दावण्या रोग येतो. एका गृहस्थांच्या पुतण्याचं लग्न होतं. सरपंच सगळं लिहून घेत होते. आपण ढग मागायला आलोय की मंडपवाला ठरवायला, अशी मला शंका आली.

मग मी उभा राहिलो आणि ज्यासाठी मला आणलं होतं ते सांगितलं. यंत्र येईल ते पुढच्या महिन्यात, तेही परवानग्या मिळाल्या तर. आणि यंत्राने खरंच फरक पडतो का, हे कळायला हवं असेल तर चांगला ढग आलेल्या दर दिवशी बर्नर पेटवायचा नाही. कंपनी बंद पाकिटं देईल. ढग आला की एक पाकीट फोडायचं. आत "पेटवा" असेल तर पेटवायचा, "पेटवू नका" असेल तर नाही. दोन्ही प्रकारच्या दिवसांचा पाऊस मोजायचा आणि शेवटी ताडून बघायचं.

सतरंजीवर जो गलका झाला तो इथे लिहिता येणार नाही.

"ढग डोक्यावर आन् आमी पाकीट वाचत बसायचं?" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "फुडच्या पाकिटात असंल पेटवा, ती फोडू की!" एका म्हाताऱ्या आजोबांनी शांतपणे विचारलं, "ढगातच पानी नसलं तर?" मी म्हणालो, "मग काही होणार नाही." "म्हंजे आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं," ते म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने हा धडा इतक्या कमी शब्दांत मांडला नव्हता.

बाहुबली माझा सदरा ओढत होता. "लेका, तू माझा माल इकायला आलायस का बुडवायला?"

तेवढ्यात मागच्या खांबाला टेकून बसलेला एक माणूस उठला. त्याबरोबर बाकीचे बसले. हा बिराप्पा, गावचा पाटकरी. सिंचन योजनेचं पाणी कालव्याला आलं की कोणाच्या रानात किती तास सोडायचं, हे यादीप्रमाणे बघणारा. सरपंचांनी माझ्या कानात सांगितलं की याने सख्ख्या भावाचं पाणी बंद केलं होतं, का तर भावाचे तास संपले होते. भावाच्या घरी त्याच दिवशी पाहुणे मुलगी बघायला आले होते. भाऊ अजून बोलत नाही.

"पाकिटात न्हाय म्हणून आलं," बिराप्पा म्हणाला, "तर कुणाच्या बाला बी पेटवू द्यायचं न्हाय. व्हय न्हवं?"

"होय."

"सरपंच आला तरी?"

"तरी."

"मग पाकिटं माझ्याकडं द्या." तो गावाकडे वळला. "ह्यो गडी पडंल बी म्हणंना आन् न्हाय पडायचा बी म्हणंना. आतापतोर जे आलं ते समदं पडंल म्हणूनशान गेलं. ह्याचं काम करू."

ठराव झाला. सही, शिक्का, आणि सगळ्यांना गूळ-शेंगदाणे. ज्या बोलण्याने संमती हातची जायची त्यानेच ती मिळाली, आणि बाहुबलीने सूर्यास्ताला वीस मिनिटं बाकी असताना डबा उघडला. मला मनापासून आनंद झाला होता. खरं बोलून काम होतं, असं मी त्याला जेवताना दोनदा तरी ऐकवलं. त्याने आणखी एक भाकरी मोडली.

दिवस तिसरा

परतण्याआधी अक्कांकडे गेलो. परवाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. टेकडीवर पर्जन्यमापक बसवून झाला, बिराप्पाला तो कसा वाचायचा ते दाखवलं (त्याला एकदाच दाखवावं लागलं), मग मी अक्कांच्या दारात उभा राहिलो.

"अक्का, यंत्र पुढच्या महिन्याशिवाय येत नाही. त्याच्या भरवशावर म्हशी ठेवू नका."

"आन् त्याच्या आदी? आपसूक पडंल का?"

आकाशात ढग होते. ढग रोजच असतात. मी हवामानाचे नकाशे बघितले होते आणि त्यातून या गावापुरतं काहीही ठरवता येत नव्हतं.

"माहीत नाही, अक्का," मी म्हणालो.

त्या "बरं," म्हणाल्या. मग आत जाऊन चार ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून आणली. ती चटणी घेऊन मी हलक्या मनाने गाडीत बसलो. आपण बाईंना फसवलं नाही, एवढं समाधान मिरजेपर्यंत पुरलं. जयसिंगपूरच्या पुढे पाऊस लागला.

घरी

तुमच्यापैकी कोणाला त्या बाजूला जायचं असेल तर श्रावणात जा, ऊन सोसवतं आणि रस्ते मोकळे असतात. पाण्याच्या बाटल्या गाडीतच ठेवा, गावात मागू नका. ते देतात, आणि म्हणूनच मागू नका.

आम्ही परतलो त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी बिराप्पाचा फोन आला. तो रोज सकाळी येतो. रोज एकच शब्द असतो, "शून्य." त्या दिवशी तो म्हणाला, "एकतीस मिलिमीटर. दोनदा वाचलंय." बर्नर अजून शिरोलीत पडून होता. बाहुबलीने आनंदाने विचारलं की हा पाऊस आपल्या खात्यात धरता येईल का. मी नाही म्हणालो.

दुपारी अक्कांचा फोन आला. नंबर बिराप्पाने दिला होता.

"पाऊस पडला सर. लई ग्वाड पडला."

"म्हशी?"

"शनवारी इकल्या."

मी म्हणालो, "अक्का, मी विका म्हणालो नव्हतो. मी माहीत नाही म्हणालो होतो."

"व्हय की. पर दवाखान्यात डाक्टर माहीत न्हाय म्हणतोय, कचेरीत सायेब बघू म्हणतोय, तवा त्याचा अर्थ काय असतोय? न्हायच असतोय. शिकल्याला माणूस तोंडावर न्हाय म्हणत न्हाय. मला वाटलं, तुमी बी माझं मन राखाय लागलासा."

मी अठ्ठावीस वर्षं वर्गात सांगत आलो की ज्याला "माहीत नाही" म्हणता येतं तोच खरा शास्त्रज्ञ. ऐकणाऱ्याने ते शब्द आधी कोणाकोणाकडून ऐकलेले असतात, याचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी त्या दारात आणखी दहा मिनिटं बसायला हवं होतं. नकाशात काय दिसतं आणि काय दिसत नाही ते सांगायला हवं होतं. पाऊस लागायच्या आत जयसिंगपूर गाठायची घाई, दुसरं काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलं.

"आसूं द्या," अक्का म्हणाल्या. "खोटं बोलला न्हाईसा, त्ये बिराप्पानं बी सांगितलं. आता गवत येतंय, एक म्हस तरी परत घ्यावी म्हणतोय."

"घ्या की, अक्का."

"घेतो. तुमाला इचारलं न्हाय," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.