नाकतोड्याचे पन्नास सेंटीमीटर

बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे नाकतोडा म्हणत. लाडात आली की बायकोसुद्धा म्हणे. अलीकडे ती लाडात येण्याचं प्रमाण मात्र घटलं होतं. वय चौतीस, पाय लांब, मान आखूड, आणि कारखान्याच्या कराटे संघातली सगळ्यात उंच उडी त्याच्या नावावर. पन्नास सेंटीमीटर. अकरा वर्षं आकडा फारसा हलला नव्हता.

संघात असणाऱ्याला अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस सराव. दर सहा महिन्यांनी उडीची परीक्षा. पंचेचाळीसच्या खाली आला की गडी संघाबाहेर, म्हणजे पूर्ण पाळी भट्टीसमोर. तिथे नाकतोड्याचा मेहुणा होता. त्याच्या भुवया कधीच जळून गेल्या होत्या, त्यामुळे तो कायम चकित झाल्यासारखा दिसे. "दाजी, या की कधी शेकायला," असं तो रोज हाक मारून म्हणायचा.

उडी मोजायची रीत सोपी. भिंतीशी उभं राहून हात सरळ वर करायचा आणि बोटांना खडू लावून खूण करायची. मग जागेवरून उडी मारून वर दुसरी खूण. मधलं अंतर ती उडी. जुन्या प्रशिक्षकांनी प्रत्येकाची उभी खूण पहिल्याच दिवशी रंगाने भिंतीवर काढून ठेवली होती. दर वेळी कोण मोजत बसणार! त्या पहिल्या दिवशी नाकतोड्याने खांदा हळूच ढिला सोडला होता. प्रशिक्षक चष्मा पुसत होते. खूण चांगली चार बोटं खाली उमटली, आणि वहीत नाकतोडा तितकाच जास्त उंच उडायला लागला.

पुढे त्याचं त्यालाच ते आठवेनासं झालं. अकरा वर्षं पन्नास-पन्नास ऐकलं की माणूस पन्नासचा होतो. जमिनीवर दोरीची शिडी अंथरून तो नव्या पोरांना पाय चपळ करायला शिकवी. "मांजरासारखे उतरा रे! धप्प आवाज आला की उडी फुकट," म्हणून ओरडे. पोरं ऐकत. पन्नासवाल्याचं कोण ऐकणार नाही?

मग जुने प्रशिक्षक निवृत्त झाले, हॉलला नवा रंग लागला आणि भिंतीवरच्या खुणा गेल्या. नव्या प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या, "बरंच झालं. सगळ्यांच्या उभ्या खुणा नव्याने घेऊ. सहा आठवड्यांनी परीक्षा."

त्या संध्याकाळी नाकतोड्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर स्वतःला खरं मोजलं. त्रेचाळीस. पुन्हा उडाला. बेचाळीस.

"अहो, भिंत कशाला रंगवताय?" बायको म्हणाली. "आणि खालचे लोक वर येतील."

मॅडमचा नियम होता, आठवड्यातून दोनदा चाळीस उड्या आणि मध्ये विश्रांती. नाकतोडा बिऱ्हाडाच्या जिन्यात रोज दोनशे मारू लागला. दोन सेंटीमीटर तर हवे होते! चौथ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं. चढताना काही नाही, उतरताना मरण. तो कठडा धरून आडवा उतरू लागला.

"नाकतोड्याचा खेकडा कधी झाला?" बायकोने विचारलं, पण हसली नाही.

परीक्षेच्या दिवशी त्याने भिंतीशी उभं राहून खांदा ढिला सोडून पाहिला. मॅडम मागेच होत्या. त्यांनी त्याच्या पाठीवर तळवा टेकवून वर रेटला. "हात पूर्ण वर, दादा. टाचा टेकलेल्या. अजून. हां, आता."

खूण भलतीच वर गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, या वयात वाढतोय की काय हा?" पोरं खिदळली.

तो उडाला. अडतीस. दुसऱ्यांदा सदतीस. खाली येताना धप्प आवाज झाला, आणि कुणीच हसलं नाही.

मॅडमनी जुनी वही चाळली. पन्नास, पन्नास, एकोणपन्नास, पन्नास. मग खाली बसून त्यांनी त्याच्या वाटीखाली अंगठा दाबला. तो कळवळला.

"रोज किती मारत होता?"

"दोनशे."

"कमाल आहे! पन्नास उडणारा माणूस तुम्ही, आणि नवशिक्यासारखं स्वतःच्या गुडघ्याचं वाटोळं केलंत?" त्या उठल्या. "तीन महिने एकही उडी नाही. तुमची जागा मी धरून ठेवते. मुळात असलेलं कुठे जात नाही, दादा."

आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार! नाकतोड्याने तोंड उघडलं. समोर बारा पोरं उभी होती, त्यानेच शिकवलेली, सगळी काळजीने गुडघ्याकडे बघत होती. एकाने तर खुर्ची आणली.

"बरं, मॅडम," तो म्हणाला.

दुपारी साहेबांच्या खोलीतून मॅडमचा चढा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. मेहुणा भट्टीवरून मुद्दाम उठून आला आणि म्हणाला, "दाजी, तुमच्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावतेय ती. कोण करतं हो एवढं?"

थोड्या वेळाने मॅडम कागद घेऊन बाहेर आल्या. तीन महिन्यांत हा खेळाडू पूर्ववत पन्नासवर येईल, न आल्यास जबाबदारी माझी, असं त्यावर लिहिलं होतं. खाली त्यांची सही होती आणि शेजारी त्याच्यासाठी जागा.

त्याने सही केली. पेन नीट उमटेना, म्हणून मॅडमनी आपलं दिलं आणि त्यावरूनच पुन्हा एकदा ठळक गिरवायला लावली.