नानांनी सोडलेला काठ

तुमच्या शेतातलं खत पहिल्या जोराच्या पावसात कोणाच्या विहिरीत उतरतं, हे तुम्ही कधी जाऊन पाहिलंय?

नाना पाहायचे. शिरपूरजवळच्या आमच्या गावात युरिया टाकायला निघालेले नाना ढग दिसला की पोतं पुन्हा बांधून ठेवत. लोक हसत, "नाना, पीक तुम्हनं का खालना गावनं?" नाना म्हणत, "तठे मनी पोर पाणी भरस. तिले खत पाजू का?" त्यांची लेक खालच्याच गावात दिली होती.

नाल्याकाठी गवताचा पट्टा ठेवला तर वाहून जाणारं खत अडतं आणि त्यासाठी सरकार अनुदान देतं, असं सांगणारं पत्रक मीच छापून वाटलं होतं. नानांचा मुलगा केळीच्या दोन ओळी सोडायला तयार नव्हता. माझ्या भरवशावर नानांनी त्याला शब्द दिला, "अनुदान येईल." अर्ज मी भरला. मंजुरी काही येईना, पावसाळा तोंडावर आला. "पाऊस मंजुरीनी वाट देखस का?" म्हणत नानांनी काठावर वाळ्याच्या गवताची ठोंबं लावून टाकली.

कृषी कार्यालयातले साहेब तपासणीला आले तेव्हा वाळा गुडघाभर झाला होता आणि गाळ वरच अडला होता. "काम छान आहे, नाना, पण मंजुरीआधीचं काम अपात्र. हे उपटा, पुन्हा लावा, फोटो काढू."

"भर पाऊसमा काठ उघडा पाडू? साहेब, राहतं घर पाडीसन कोणी फोटो काढस का?"

शेजाऱ्याने मात्र मंजुरी आल्यावर चार ठोंबं खोचली, फोटो काढून घेतला आणि अनुदान मिळताच तिथे नांगर फिरवला.

नानांना अनुदान मिळालंच नाही. मग त्यांच्या मुलानेही ट्रॅक्टर आणला. "नाना, शब्द तुम्हना व्हता. आते बाजूले व्हा." नाना बाजूला झाले. वाळा उखडला गेला.

मला एवढंच म्हणाले, "तू लबाड नही, भाऊ. पण तुन्हामुळे मी घरमा खोटा पडनू."

मंजुरीची अट माझ्या पत्रकात नव्हती. कार्यालयाने ती सांगितली नाही, हे खरं. मी विचारली नाही, हेही खरं. नाना त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत, आणि गेल्या हिवाळ्यात गेले.

वाचकहो, उद्या कृषी कार्यालयात जा. तुमच्या गावची लाभार्थी यादी मागा आणि ती हातात धरून नाल्याच्या काठाने चाला. जिथे नाव आहे पण गवत नाही, तिथे जाब विचारा. जिथे गवत आहे पण नाव नाही, त्या शेतकऱ्यासाठी ट्रॅक्टर येण्याआधी ग्रामसभेत उभे राहा.