गाणारं पाखरू

लढाईच्या दिवसांत बेलापूरहून नगरला येताना गाडीत माझ्यासमोर एक गृहस्थ विडी ओढत बसले होते. मांडीवर पिंजरा, त्यात कुणा गोऱ्या साहेबाने जाताना देऊन टाकलेला पिवळा कॅनरी. पाखरू फुगून बसलेलं, चोच उघडी, श्वासागणिक शेपटी वरखाली.

"अहो, त्याला धाप लागलीय. विडी विझवा, आणि उतरल्यावर आधी जनावरांच्या दवाखान्यात न्या."

"गातंय की त्ये, ताई."

आता काय म्हणावं या माणसाला? "गाणं नव्हे, घरघर आहे ती. कान लावा."

त्यांनी कान लावला, विडी विझवली. "आमी समदे घरात विड्या वळतो. तंबाकूच्या धुळीनं समद्यांचाच श्वास असा वाजतो. मला वाटलं, पाखरू घरचं झालं."

उतरल्यावर खोकत खोकत त्यांनी जनावरांच्या दवाखान्याची वाट विचारली. मी माणसांच्या दवाखान्याचीही सांगत होते, पण ऐकतंय कोण.