लाल पायांची माशी

आमच्या ह्यांना फूलबागेत लाल पायांची माशी सापडली, हे मला पहिल्यापासूनच पटलं नव्हतं.

दरोडेखोर माशी म्हणतात तिला. उडत्या किड्यावर झडप घालते आणि सोंड खुपसून त्याला शोषून घेते. रिटायर झाल्यापासून आम्ही दोघं तिचेच फोटो काढतो. जाती इतक्या सारख्या, की मिशा, पाय, शेपटाचं टोक ताडून पाहिल्याशिवाय ओळख पटत नाही. आमची नेहमीची माशी तपकिरी पायांची. ह्यांच्या फोटोत बाकी सगळं तेच, पण पाय कुंकवासारखे. वेगळी जात म्हणून हे दुसऱ्या दिवशी आमच्या कीटकप्रेमींच्या ग्रुपवर टाकणार होते. तिथली मंडळी माशीचा एकेक केस तपासतात. खोटं निघालं असतं तर ह्यांची सगळी पत मातीत गेली असती, आणि ते मला सोसवलं नसतं.

त्यातून ह्यांचं हल्ली लक्षण ठीक नव्हतं. रोज जेवताना कुरकुर, वरणात हळदच नाही म्हणून. माणूस किरकिरा झालाच आहे, म्हटलं, आता लबाडही होतोय की काय!

त्या सकाळी मीही बागेत फोटो काढत होते. माझा मोबाइल काढून बघितला. कुंपणाची तीच तार, तीच माशी, उजव्या पंखाचा तोच तुकडा उडालेला. पाय तपकिरी. ह्यांच्या फोटोत मागचा कडुनिंबसुद्धा रंगपंचमी खेळून आल्यासारखा. माझं डोकंच फिरलं.

दोन्ही फोटो समोर धरून विचारलं, "रंग चढवलात ना?"

हे बिलकुल ओशाळले नाहीत. हां, जरा तेज करतो, म्हणाले, हल्ली सगळेच फोटो फिके येतात, कॅमेरा जुना झालाय. हा फोटो तर माशीचं अंग नेहमीसारखं दिसेपर्यंतच तेज केला होता, तेव्हा पाय लाल निघाले म्हणे.

माझा मोबाइल तर नवा होता. त्यातला फोटोही फिकाच आहे, म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. ताटलीत भात वाढला, त्यावर मुद्दाम जास्त हळदीचं वरण ओतलं आणि ताटली खिडकीशी धरली. वरण कुठपर्यंत आलंय ते दाखवा म्हटलं. त्यांचं बोट भातावरून फिरत राहिलं, कुठेच थांबेना. मी त्यांचा चष्मा काढला. उजेडात दोन्ही बाहुल्या दुधाळ दिसत होत्या. मोतीबिंदू चांगला पिकला होता.

"अहो, सांगायचं नाही का?"

"मला वाटलं," ते म्हणाले, "यंदा माश्याच फिक्या निघाल्यात."