परतीच्या चार ओळी

तेव्हा पुण्यात जो तो संगणकावर विंडोज काढून लिनक्स टाकत होता, म्हणून मीही टाकलं. पडद्यावर चित्र आणणारा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला आणि पडदा काळाच झाला. आत माझा अख्खा प्रबंध होता.

मित्राने कात्रजहून एक गृहस्थ धाडले. त्यांनी आधी कागद मागितला आणि जुना ड्रायव्हर परत आणायच्या चार ओळी सुवाच्य अक्षरात लिहिल्या.

"अहो, पाठ नाही का तुम्हाला?"

"मला आहे. तुम्हाला नाही."

मग त्यांनी तीन बटणं एकदम दाबायला सांगितली, तशी काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं लिहायची जागा उघडली, आणि त्या ओळी त्यांनी मलाच टाइप करायला लावल्या. स्वतः कीबोर्डला हातही लावला नाही. पडदा उजळला तसे ते चहालाही न थांबता गेले.

पुढे दोनदा तसंच झालं. दोन्ही वेळा कागद काढून मी निभावलं. कागदावर त्यांचं नाव नव्हतं, फोन नंबरही नव्हता. त्याची कधी गरजच पडली नाही.