काचेच्या बंदुकीपायी

बंदुकीनं माणूस मरतो, हे तुम्हाला ठाऊकच हाय. पण बंदुकीबद्दल नुसतं बोलून माणूस कसा मरतो, ते माझ्याकडनं ऐका! आधी चहा ओता. सांगायचं म्हटलं तरी दमायला होतंय.

एकाहत्तरची लढाई उरकली अन् मी रजेवर मलकापूरला घरी आलो. रेल्वेत जागा न्हाई, सगळा प्रवास ट्रंकेवर बसून. पाठीचा पार भुगा! वाटलं, आता आठवडाभर नुसतं झोपायचं. कुठलं काय! मामांनी दारातच धरलं.

"बूट काढू नगंस. खंडाळ्याकडं पोरगी बघाया जायाचंय. पोरीचा बाप रिटायर सुभेदार हाय. तवा कमी बोल."

कमी बोल! अहो, दमलेल्या माणसाच्या तोंडाला ब्रेक असतो का कधी?

पोहे आले. सुभेदारांनी विचारलं, "काय रं, लढाईत नवीन काय बघितलंस?"

"आवं, दुश्मनाची रायफल हाताळली! दस्ता लाकडाचा न्हाईच. आमचं साहेब म्हणालं, काचंचं धागं अन् प्लास्टिक एक करून बनवत्यात. लय हलकी!"

सुभेदारांचा घास हातातच राहिला. "काचंची बंदूक?"

"काचंची न्हवं, काचंच्या धाग्यांची..."

झालं! आत भांडं पडलं. पोरीची आई डोळ्याला पदर लावून बाहेर आली. "काचंची बंदूक घिऊन लढतोय व्हय ह्यो? आपटली तर फुटंल की! माझ्या पोरीच्या कुकवाचं काय?"

"मावशी, ती आमची न्हवं, दुश्मनाची."

"म्हंजी आपल्याकडं तेवढीबी न्हाई?"

मामांनी कपाळावर हात मारला. सुभेदार म्हणाले, "आमी लाकडी दस्त्याची घिऊन डोंगर चढलो. तुमाला हलकी पायजे! दमता व्हय?"

खरं तर व्हय, लय दमलो होतो. पण पोरगी दाराआड उभी! मी म्हणलो, "छ्या!"

त्यांनी भिंतीवरची दुनळी बंदूक काढली, रिकामी हाय का बघितली अन् माझ्या हातात दिली. "धर. हात फुडं, ताठ. माझा चहा हुईस्तवर."

त्या माणसानं चहा बशीत ओतला. फुंकला. घोट घेतला. मामांकडं म्हशीची चौकशी केली. परत फुंकला! माझे हात लटालटा कापायला लागले. डोळ्यांपुढं काजवे. बशीत अजून निम्मा चहा. अन् सटकली की हो! दस्ता थेट सुभेदारांच्या पायाच्या अंगठ्यावर!

सुभेदार आडवे. बशी एकीकडं, फेटा एकीकडं. मामा चपला शोधायला लागले. आणि मला? खोटं कशाला बोलू, आधी हात मोकळे झाल्याचं सुख वाटलं! मग भानावर आलो. लग्न बोंबललं!

तेवढ्यात दाराआडनं पोरगी बोलली, "आबा, काचंची असती तर अंगठा वाचला असता."

सुभेदार कण्हता कण्हता हसायलाच लागले. "पाव्हणं, फोडा सुपारी! पोरगी आत्ताच त्याची बाजू घ्याया लागली."

लग्न झालं. सासरे लंगडत, काठी टेकत सगळ्या मांडवात फिरले, अन् विचारील त्याला अंगठ्याची गोष्ट साग्रसंगीत सांगत सुटले.

लढाईत मी काय केलं, ते आजवर एकानंही विचारलं न्हाई बघा. सासऱ्याला लोळवलं, ते मात्र अख्ख्या तालुक्याला तोंडपाठ हाय!